मळ्यातली बिनपाटीची खाणावळ आणि पदवीनंतरचं वर्ष

आधी गुण सांगून मोकळी होते. जेवणाला पाचपैकी साडेचार. जागेला दोन. सेवेला किती द्यायचे ते त्या दिवशी मार्केटात बांगड्याचा काय भाव होता त्यावर. खाणावळवाली मावशी बाजारातून कुरकुरत आली असेल तर दोन, हसत आली असेल तर पाच.

ठिकाण पणजीत, मळा नावाच्या भागात, मारुतीच्या देवळाच्या खालच्या अंगाला. पाटी नाही. पूर्वी होती म्हणे, एका पावसाळ्यात खाली आली आणि परत कुणी वर चढवली नाही. नाव मीही देत नाही, कारण मावशीनेच बजावलंय, "नेटार बिटार घालूं नाका गो, हांगा बसपाक सुवात खंय आसा?" खरंच बसायला जागा नाही. जुन्या घराची पुढची खोली, चार टेबलं, दोन्ही बाजूंना लाकडी बाकं. पंखा एकच, आणि त्याच्या खालचं टेबल कचेऱ्यांतल्या जुन्या लोकांनी न बोलता आपल्या नावावर केलेलं. हात धुवायला बाहेर अंगणात, तुळशीच्या बाजूला, नळ. जून लागला की आतल्या कोपऱ्यात कौलांखाली बादली येते आणि तेवढी एक जागा कमी होते.

मग लिहितेय कशाला? पर्यटकांसाठी तर मुळीच नाही. त्यांच्यासाठी समुद्रकाठी भरपूर जागा आहेत. यंदा ज्यांचा निकाल लागलाय आणि जे हातात फाईल घेऊन पणजीला खेटे घालणार आहेत, त्यांच्यासाठी लिहितेय. मी 2023 च्या निकालानंतर वर्षभर दुपारचं इथे जेवले. त्या वर्षात मला सल्ले पुष्कळ मिळाले. उपयोगी पडली ती एक वाजता वाढली जाणारी थाळी.

मी वाळपईची. बी.कॉम. झाले. बाबांची थोडी सुपारी, थोडे काजू, आणि "आता पुढे काय?" हा प्रश्न विचारायचा हक्क असलेले भरपूर नातेवाईक. वाळपई ते पणजी बसने जाऊन येऊन करणं म्हणजे अर्धा दिवस रस्त्यात, म्हणून पणजीजवळ मेरशीला आत्याकडे राहिले. सकाळचा चहा आणि रात्रीचं जेवण तिच्याकडे. आत्या स्वतः सहाला उठून, घरचं उरकून कामाला पळते. तिने डबा देऊ केला होता, पण तिच्या सकाळीत आणखी एक काम घालायचं जिवावर आलं. दुपारचं माझं मी बघेन म्हटलं.

दिवस जायचा पणजीच्या पाटोवर, मध्यवर्ती ग्रंथालयात. गोव्याबाहेरच्यांना सांगितलं पाहिजे, 15 सप्टेंबर 1832 रोजी सुरू झालेलं हे ग्रंथालय देशातल्या सर्वांत जुन्या सार्वजनिक ग्रंथालयांपैकी एक. आता संस्कृती भवनात आहे आणि त्याला कृष्णदास शामा या सोळाव्या शतकातल्या आमच्या केळोशीच्या कवीचं नाव दिलंय. मजल्यांवर मजले पुस्तकांचे, पोर्तुगीज काळातली वर्तमानपत्रं जपून ठेवलेली, आणि त्याच छपराखाली आम्ही: सामान्य ज्ञान, अंकगणित, गोव्याचा इतिहास, गेल्या सहा महिन्यांतल्या घडामोडी. शेजारी बसलेल्या मुलीकडे त्याच पुस्तकाची तीच आवृत्ती. तिच्या शेजारच्याकडेही तीच.

तिथून मधली खाडी ओलांडली की मळा. एरवी दहा-पंधरा मिनिटांचा रस्ता, पण त्या वर्षी पणजीत जिथे तिथे खणून ठेवलेलं, त्यामुळे रोज वाट नवी. पायाला लाल माती लावून खाणावळीत शिरायचं आणि मावशीने आधी पायांकडे आणि मग तोंडाकडे बघायचं, हा रिवाज.

आता थाळी. उकड्या तांदळाचं शीत, जाड, टपोरं, प्रत्येक कण वेगळा. हुमण, म्हणजे खोबऱ्याच्या वाटणाची माशांची आमटी. एक सुकी भाजी, ती बहुतेक दिवस तांबडी भाजी, वाल किंवा भेंडी. किसमूर, म्हणजे सुक्या सुंगटांचं (कोळंबीचं), खोबरं आणि कांदा घालून केलेलं. लोणच्याची फोड. छोट्या पेल्यात सोलकढी. त्यावर तळलेला मासा. मी जायचे तेव्हा तळलेल्या बांगड्यासकट 130 रुपये आणि शिवराक, म्हणजे बिनमासळीची, थाळी 90. इसवण (सुरमई), चणक (जिताडा) असलं मोठं काही त्या दिवशी असेल तर भाव आधी विचारून घ्या. मावशी सांगायचं विसरत नाही, आपणच भूक लागली की ऐकायचं विसरतो.

बांगड्याच्या हुमणासाठी मी जेवणाचे सगळे गुण देऊन टाकले असते. खोबरं, सुक्या मिरच्या, धणे, हळद यांचं वाटण इतकं बारीक की बोटांत धरलं तर कण लागत नाही. कांदा नाही, लसूण नाही. आंबटपणा सोलांचा, तोही आधी कळत नाही, घास गिळल्यावर येतो. शेवटी ठेचलेली तिरफळं. मावशी ती मोजून घालते. वास हुमणाला द्यायचा, जेवणाऱ्याला नाही, असा तिचा हिशेब. एखादं तिरफळ चुकून दाताखाली आलं तर जिभेचा शेंडा बधिर होतो आणि पुढचे दोन घास पाण्यासारखे लागतात. बाजूला काढून ताटाच्या कडेला ठेवावं. जुन्या गिऱ्हाइकांच्या ताटांच्या कडेला अशा काळ्या बिया ओळीने मांडलेल्या दिसतात. सुंगटांचं हुमण वेगळं. त्यात कांदा असतो आणि मोसमाप्रमाणे कैरी, बिंबल किंवा आंबाडा. ते चांगलं असतं, पण बांगड्याच्या पुढे नाही. याबद्दल पंख्याखालच्या टेबलाशी माझे कायमचे मतभेद आहेत.

तळलेला बांगडा दोन प्रकारचा. एरवी रव्यात घोळवून तव्यावर, आणि बुधवारी, शुक्रवारी पोटात चीर देऊन रेशाद मसाला भरलेला. रेशाद तिला शेजारची कातोलीक बाई करून देते, व्हिनेगर घालून, आणि त्या बदल्यात इथून सोलकढी जाते. मसाला ताजा असेल त्या आठवड्यात तिखट लागतो, मुरला की बरा. दुसऱ्यांदा शीत आणि हुमण मागितलं तर वाढतात. तिसऱ्यांदाही वाढतात, पण बघतात.

वाईट काय? सोलकढी दीडनंतर पातळ होत जाते आणि दोनला तिला फक्त रंग उरतो. शनिवारी मावशीची बहीण रांधते आणि मिठाचा हात तिचा तिचाच. आत बसलं की डोक्याला, कपड्यांना तळणाचा वास लागतो. दुपारी मुलाखत असेल तर बाहेरच्या पायरीजवळची जागा धरा. बाथरूम वेगळं नाही. विचारलं तर घरातलं दाखवतात, पण विचारावं लागतं. मुलींनी लाजू नये, मावशीला त्यात काही वाटत नाही.

मुलींचा विषय निघालाच आहे तर. एकट्या मुलीने खाणावळीत जाऊन जेवणं मला त्याआधी माहीतच नव्हतं. कॉलेजात होते तेव्हा कँटीनला टोळीने जायचं, घरी पंगतीने. पहिल्या दिवशी दारातून बघितलं तर चारही टेबलांवर पुरुष, सगळे खाली मान घालून जेवतायत. मी परत फिरणार तेवढ्यात आतून हाक आली, "बाये, तूं हांगा बस." स्वयंपाकघराच्या दाराला लागून एक छोटं स्टूल आणि भिंतीतली फळी, तिच्यावर एरवी मिठाची बरणी असायची. तिने बरणी उचलली. पुढे ती फळी माझीच झाली. तिथून तवा दिसतो, कोणाच्या ताटात मोठा तुकडा जातोय ते दिसतं, आणि कोणी आपल्याकडे बघत नाही. पुढे मोकळ्या टेबलावर बसायची हिंमत आली, पण मी फळीच धरली. जिला एकटीने जेवायला बसायचं अवघड वाटत असेल तिने पाऊण वाजता यावं आणि ती जागा मागून घ्यावी.

माझी खरी अडचण पैशांची नव्हती, अजून तरी. अडचण दिवसाची होती. पंधरा-सोळा वर्षं कुणीतरी घंटा वाजवायचं आणि आपण उठायचं. निकाल लागला आणि घंटा बंद. सकाळी ग्रंथालयात दहाला गेले काय, अकराला गेले काय, विचारणारं कुणी नाही. संध्याकाळ झाली की दिवसभरात काय केलं ते सांगता यायचं नाही, आणि घरून फोन आला की तेच सांगावं लागायचं. खाणावळीचं गणित मात्र पक्कं: साडेबाराला ताटं मांडतात, अडीचला बंद. एकच्या आत गेलं तर मासा आपल्या मर्जीचा, नंतर उरेल तो. बांगड्याचं डोकं मिळायला नको म्हणून मी पाऊण वाजता पुस्तक मिटायला लागले. पाऊण वाजता मिटायचं तर साडेनऊला उघडावं लागतं. वेळापत्रकं मी त्याआधी रंगीत पेनांनी बरीच आखली होती. टिकलं ते हे एक, कारण त्यात तळलेला मासा होता.

आता वहीबद्दल. नेहमीच्या गिऱ्हाइकांचं खातं चालतं. शाळेची दोनशे पानी वही, वर पुठ्ठा, दोरीने खिळ्याला टांगलेली. नावं नाहीत तिच्यात. "बँक", "पोस्ट", "चष्मो", "दोन बांगडे", आणि जुलैपासून "वाळपय". प्रत्येकाचं एक पान, पानावर तारखा आणि फक्त रेघा: उभी रेघ म्हणजे मासळीची थाळी, आडवी म्हणजे शिवराक, गोल म्हणजे वरचा काही जिन्नस. महिना संपला की मावशी बोट फिरवून बेरीज सांगते. मी वाणिज्य शाखेची पदवीधर, पहिल्याच महिन्यात मोबाईलवर पडताळून बघितलं. बरोबर होतं. पुढच्या महिन्यांतही बरोबर. तीन वर्षं जमाखर्चाची पानं भरून जे डोक्यात बसलं नव्हतं ते त्या वहीत बघून बसलं: नोंद त्याच क्षणी करायची, नंतर म्हणून ठेवायची नाही. वाढून झालं की ती पदराला हात पुसते, रेघ मारते, मगच दुसऱ्या ताटाकडे वळते. आज मी जिथे काम करते तिथे लोक बिलांची पिशवी वर्षाच्या शेवटी आणून टेबलावर उपडी करतात, तेव्हा मला ती दोरी आठवते.

आता पावसाळ्याचं बोलू, कारण खाणावळीची परीक्षा तेव्हाच. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद. बाजारात येतं ते नदीतलं, खाडीतलं, बाहेरगावचं बर्फातलं किंवा सुकं. मावशी बर्फातलं घेत नाही. त्या दोन महिन्यांत तिच्याकडे सुक्या बांगड्याचं, खाऱ्या सुंगटांचं, आणि मिळाल्या तर तिसऱ्यांचं (शिंपल्यांचं) सुकं. बाकी रानातली भाजी: तायकिळा, अळू, कीरलां (बांबूचे कोंब). कीरलां आणि अळंबी आमच्या सत्तरी तालुक्याकडून येतात, रस्त्याच्या कडेला पानात बांधून विकायला ठेवलेली असतात. अळंबी इतकी महाग की खाणावळीत परवडत नाहीत. मी एकदा घरून येताना पुडी आणली. मावशीने त्यांचं तोंडाक (रस्सा) केलं आणि वाटीवाटीने सगळ्यांना वाढलं, माझ्या पानावर त्या दिवशी रेघ नाही.

2023 ला भर म्हणजे अधिक श्रावण आला. 18 जुलैला अधिक सुरू, निज श्रावण 17 ऑगस्टला. म्हणजे मासेमारी 1 ऑगस्टला सुटली ती भर अधिकात. पंख्याखालच्या टेबलावर वाद पेटला. एकाचं म्हणणं, अधिक हा पुण्याचा महिना, त्यात मासळी कशी खाणार? दुसऱ्याचं म्हणणं, दोन महिने धरायचे तर माणसाने नोकरी कशाच्या बळावर करायची? बंदी सुटल्यावर पहिली सुंगटं येतात तेव्हा पणजीच्या मार्केटात उभं राहायला जागा नसते, आणि ती वाया घालवायची हे मावशीला काही पटेना. शेवटी तिने निकाल दिला, "अधिक तो अधिक, आमचो श्रावण मागीर." ऑगस्टचे पहिले पंधरा दिवस सुंगटांचं हुमण. 17 तारखेपासून शिवराक, ते थेट चतुर्थी होईपर्यंत. ज्यांना अधिक पाळायचा होता त्यांच्यासाठी एक भाजी जास्त केली जायची, आणि ती खाणाऱ्यांना कुणी टोमणा मारला नाही.

श्रावणातल्या शिवराक जेवणाला मी वेगळे गुण देते, पाचपैकी पाच. खतखतं, म्हणजे बऱ्याच भाज्यांचा घट्ट रस्सा, अप्रतिम. तिरफळ त्यातही. मुगागाठी (मोड आलेल्या मुगांची) मात्र अगदी साधी, घरी आई बरी करते.

या टेबलांवर सल्ले फुकट मिळतात, थाळीबरोबर. "चष्मो" म्हणून वहीत असलेले एक निवृत्त गृहस्थ, लेखा खात्यात आयुष्य गेलेले. सरकारी जाहिरात त्यांनी मला वाचायला शिकवली. पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा दाखला वेळेत काढून ठेव, रोजगार विनिमय केंद्राचं कार्ड नूतनीकरणाला विसरू नकोस, आणि कोंकणीचं ज्ञान आवश्यक, मराठीचं असल्यास उत्तम, ही ओळ बघून "मला दोन्ही येतात" म्हणून खूश होऊ नकोस, कारण सगळ्यांनाच येतात. लिपिकाच्या परीक्षेला किती मुलं बसतात ते मी त्या वर्षी केंद्राबाहेरच्या स्कूटरींच्या रांगेत बघितलं. माझं नाव यादीत आलं नाही. दुसऱ्या दिवशी खाणावळीत चष्म्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. त्यांनी फक्त त्यांच्या ताटातली तळलेली बटाट्याची कापं माझ्या फळीवर सरकवली. मधुमेह आहे म्हणाले. इतके दिवस नव्हता.

मावशी यातलं काहीही विचारत नाही. लग्नाला जा, बारशाला जा, चतुर्थीच्या आरतीला जा, प्रत्येक ठिकाणी "सध्या काय करतेस?" वर्षभर मी त्या प्रश्नाची वेगवेगळी उत्तरं तयार ठेवली, परीक्षेची तयारी, कोर्स, विचार चालू आहे. इथे एकच प्रश्न, "बांगडो काय शिवराक?" आणि त्याचं उत्तर मला रोज येत होतं.

त्या वर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरात राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा गोव्यात झाल्या, मग इफ्फी हा चित्रपट महोत्सव, मग 8 डिसेंबरचं पणजीच्या चर्चचं फेस्त. या काळात गर्दी असते, बाहेरची माणसं वाट चुकून येतात, फोटो काढतात. मावशी तेव्हा फार तुटक बोलते. नवीन जाणार असाल तर हे दिवस टाळा. जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमारास मारुतीची जत्रा भरते तेव्हाही. गल्लीत दुकानं लागतात आणि आत शिरायलाच वेळ जातो.

डिसेंबरात मला पाटोवरच्याच एका कचेरीत सहा महिन्यांची अप्रेंटिसशिप मिळाली. केंद्राच्या 2019 च्या नियमांप्रमाणे पदवीधराला महिन्याला किमान 9,000 रुपये, तेवढेच मिळाले, एक पैसा जास्त नाही. त्याआधी बाबा महिन्याला पैसे पाठवायचे, आणि त्यांच्या पैशांनी मी बिनधास्त इसवण खाल्लेली आहे. माझे 9,000 आल्यावर इसवण परवडेनाशी झाली. बसचं तिकीट, मोबाईल, आत्याच्या घरचं दूध मी घ्यायला लागले होते ते, आणि खाणावळ. सोमवारी आणि गुरुवारी तसंही शिवराक. मग मंगळवारही शिवराक केला. महिन्याचं बिल अडीच-पावणेतीन हजारांवर आणून ठेवलं. 9,000 मधले पावणेतीन हजार दुपारच्या जेवणाला, हे जास्त आहे का? आईचं मत, हो. मी पाटोवर स्वस्तातल्या पावभाजीवर महिनाभर काढून बघितला. पैसे वाचले, पण दुपारी तीनला डोळे मिटायचे आणि चारला परत भूक. त्यातून वडापाव, चहा, बिस्किटं. हिशेब मांडला तर फरक शे-पाचशेचा. मी मळ्यात परतले. मावशीने माझं पान फाडलेलं नव्हतं, आणि कुठे होतीस हेही विचारलं नाही. हुमण मात्र त्या दिवशी जरा जास्त वाढलं, की मला तसं वाटलं, कोण जाणे.

त्याच सुमारास माझी मैत्रीण परदेशी गेली. दक्षिण गोव्यातल्या सासष्टीची, कॉलेजपासूनची. तिची आजी 19 डिसेंबर 1961 च्या आधी गोव्यात जन्मलेली, त्यामुळे नातीला पोर्तुगीज नागरिकत्व घेता आलं. तिच्या गावात घराआड एक माणूस असा बाहेर आहे. आधी सगळे इंग्लंडला, स्विंडनला जायचे; इंग्लंड युरोपीय संघातून बाहेर पडल्यावर 2021 पासून त्या पासपोर्टवर तिथे सरळ जाऊन काम करता येईना, म्हणून ती डब्लिनला. भारतात दुहेरी नागरिकत्व नाही, म्हणजे इकडचा पासपोर्ट परत करायचा. हे सगळं तिने मला रेशादचा बांगडा खाताखाता सांगितलं, शुक्रवार होता. मी तिला जाऊ नको म्हटलं नाही आणि मलाही यावंसं वाटतं असंही म्हटलं नाही. आमच्या वर्गातले काही पुण्याला गेले, एक जण जहाजावर, दोघी-तिघींची लग्नं ठरली. एकाच वर्गातून बाहेर पडून सगळ्यांचे रस्ते सहा महिन्यांत इतके फाकतात, हे कुणी आधी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तरी ऐकलं नसतं. मैत्रिणीने तिच्या थाळीचे पैसे स्वतः भरायचा हट्ट धरला, मावशीने घेतले नाहीत. "परत येशी तेन्ना दी." पाहुण्याचं पान म्हणून वहीत एक उभी रेघ अजून आहे, तिच्यापुढे विमानाचं चित्र. मावशीला विमान काढता येत नाही. मासाच वाटतो.

जून 2024 पासून मी पणजीतच एका करसल्लागाराच्या कार्यालयात आहे. पगार सांगण्यासारखा नाही, पण दर महिन्याला येतो. आणि इथेच माझी खाणावळीबद्दलची एकमेव गंभीर तक्रार आहे. जुलै महिना म्हणजे आयकर विवरणपत्रांचा. 31 तारीख जवळ आली की लोकांना अचानक आठवतं की आपलं उत्पन्न होतं. कार्यालयातून सुटायला दोन-अडीच व्हायचे. मी धावत मळ्यात जायचे आणि शटर अर्धं खाली. आत भांडी घासायचा आवाज. मी समजावून सांगितलं, सरकारी तारीख आहे, महिनाभराचाच प्रश्न आहे, ताट झाकून ठेवलं तरी चालेल. मावशी म्हणाली, "झांकून दवरिल्लें हुमण हांव कोणाक वाडिना." मग मी काय करायचं? "एक वरांक यो."

मी साहेबांशी बोलले. लिहूनबिहून नाही, तोंडीच. एक ते पावणेदोन मी जेवायला जाणार, त्याऐवजी संध्याकाळी अर्धा तास जास्त बसेन. नोकरी लागून दोन महिनेही झाले नव्हते आणि मी वेळ मागत होते. ते हो म्हणाले, आणि वर विचारलं, कुठे जेवता? मी सांगितलं नाही. चारच टेबलं आहेत.

जाणाऱ्यांसाठी शेवटचं. सोमवारी आणि गुरुवारी शिवराक, रविवारी बंद. मोबाईलवरून पैसे घेतात, भाच्याचा नंबर भिंतीवर चिकटवलाय, पण भाचा फोन घेऊन बाहेर गेला असेल तर पैसे आल्याची खात्री मावशीला पटत नाही, म्हणून सुटे जवळ ठेवा. खातं पहिल्या आठवड्यात मागू नका, ती स्वतः विचारते. स्कूटर गल्लीच्या तोंडाशी लावा. चतुर्थीला किती दिवस बंद असेल ते कुणालाच आधी कळत नाही, तिच्या माहेरचा गणपती किती दिवसांचा बसतोय त्यावर असतं. आणि बांगड्याचं डोकं आवडत असेल तर दीडनंतर खुशाल या, तेच उरलेलं असतं.